पाना कुणाच्या हातात

आपल्या वस्तीत एक प्रश्न नेहमी कानावर येतो. पोरगं एम.ए. होतं, बी.एड. होतं, आणि एखाद्या दिवशी हातात पाना घेऊन गाडीखाली घुसलेलं दिसतं. म्हातारी माणसं कपाळाला हात लावतात. "हेच करायचं व्हतं तं शिकलास कशाला?"

दुसरीकडून एक दुसरं वाक्य येतं. ते भाषणात असतं, शाळेच्या भिंतीवर असतं, सत्काराच्या कार्यक्रमात असतं. "कोणतंही काम हलकं नसतं. श्रमाला प्रतिष्ठा असते."

पहिलं वाक्य आपल्या माणसांचं आहे. दुसरं बहुतेक वेळा अशा माणसाचं असतं की ज्याच्या सात पिढ्यांत कुणी मेलेलं ढोर ओढलेलं नाही. मला ही दोन्ही वाक्यं पुरती पटत नाहीत. का पटत नाहीत ते मांडायचं आहे. त्यासाठी मी एक साधं काम उदाहरणाला घेतो. गाडीचा अल्टरनेटर घरी बदलणं. आपल्या जालन्याकडचे मिस्त्री त्याला अजून डायनामोच म्हणतात. मीही तेच म्हणतो.

चळवळीचा आणि डायनामोचा काय संबंध, असं कुणी म्हणेल. संबंध आहे. आपल्याला कोणतं काम दिलं गेलं आणि कोणत्या कामाजवळ फिरकू दिलं नाही, यातच तर आपला सगळा इतिहास आहे.

आधी काम सांगतो.

अंबड तालुक्यातल्या आमच्या वस्तीत मंडळाच्या पोरांनी वर्गणी करून एक जुनी ओम्नी घेतली. जयंतीला तिच्यावर भोंगा लागतो, अभ्यासवर्गाला तिच्यातून पुस्तकं जातात. पण वर्षभराचं तिचं खरं काम दवाखाना. अडलेली बाई, साप चावलेला माणूस, फेफरं आलेलं लेकरू. रात्री-अपरात्री जालन्याचं सिव्हिल, तिथून पुढं औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, घाटी. ही गाडी बंद पडली तर वस्तीचा हातच मोडतो.

ती बंद पडायला लागली. डॅशबोर्डावरचा बॅटरीचा लाल दिवा विझेना. रात्री हेडलाईट पिवळे पडायचे. सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक-टक. पोरं ढकलून चालू करायची. एका दुकानदारानं बॅटरी गेली म्हणून सांगितलं, नवी बॅटरी विकली. चार दिवसांनी नवी बॅटरीही बसली. दुसऱ्यानं सांगितलं, आता आणखी मोठी घ्या.

इथं एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. बॅटरी वीज तयार करीत नाही. ती साठवते. गाडी चालू करायला बॅटरी लागते, पण गाडी चालू झाली की इंजिनचा पट्टा डायनामो फिरवतो आणि डायनामो सगळ्या गाडीला वीज देतो, वर बॅटरीही भरतो. भरणारंच बंद असेल तर साठवणारं कितीदा बदलणार? आपल्या पोरांना "यांच्यात मेरिटच नाही" असं म्हणणाऱ्यांचं शास्त्र या दुकानदारासारखंच आहे. रिकामं दिसलं की रिकाम्याला दोष. भरणारी वायर कुठं कापली ते बघायचं नाही. पण ही उपमा इथंच सोडतो. माणूस बॅटरी नाही.

आमच्या वस्तीतली एक पोरगी जालन्याला कॉलेजात शिकते. तिनं मीटर आणला. काही शे रुपयांचा मल्टिमीटर. गाडी बंद असताना बॅटरीच्या दोन टोकांना लावला. चार्ज केलेली चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. दाखवलं. गाडी चालू केली. डायनामो नीट असेल तर आकडा १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढायला पाहिजे. तो चढलाच नाही, उलट हळूहळू खाली येत गेला. म्हणजे गाडी बॅटरीचंच खात होती. तरी लगेच डायनामोवर आळ घ्यायचा नाही. आधी पट्टा सैल आहे का, फ्यूज उडालाय का, वायर गंजलीय का, अर्थिंग नीट आहे का, हे पाहायचं. पाहिलं. सगळं ठीक होतं. मग डायनामो काढायचं ठरलं.

पहिली गोष्ट, बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडायची. का? डायनामोच्या मागच्या जाड वायरीत बॅटरीची वीज गाडी बंद असतानाही उभी असते. पाना त्या नटावर असताना दुसऱ्या टोकानं बॉडीला टेकला की शॉर्ट. ठिणगी उडते, हात भाजतो, वायर जळते. पण निगेटिव्ह सोडलेली असली की बॉडीला लागून काही होत नाही. ज्याला हे 'का' माहीत आहे तो निर्धास्त हात घालतो. ज्याला फक्त 'असं कर' एवढंच सांगितलेलं आहे, तो एक दिवस भाजतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागेल.

मग वायरींचा फोटो काढायचा, म्हणजे कोणती कुठं होती ते बसवताना विसरत नाही. मागचं सॉकेट काढायचं, जाड वायरीचा नट काढायचा. ताण धरणारा बोल्ट सैल करायचा, डायनामो इंजिनकडं ढकलायचा, पट्टा उतरवायचा. मग खालचा मोठा बोल्ट. डायनामो हातात येतो. आम्ही जुना उघडून पाहिला. आत फिरणाऱ्या गुंडाळीला वीज पोचवणारे दोन कार्बन असतात, ते घासून पार संपले होते. नुसते कार्बन बदलूनही भागतं. पण बेरिंगही घरघरत होतं, म्हणून अख्खाच बदलला. नवा घेताना जुना सोबत न्यायचा. पुली, बोल्टाची भोकं, सॉकेट, अँपिअर, सगळं जुळवून घ्यायचं. बसवताना उलट क्रम. पट्टा फार सैल ठेवला तर घसरतो, फार ताणला तर बेरिंग खातो. लांब बाजूला अंगठ्यानं दाबला तर साधारण बोटभर रुंदीइतका दबावा. निगेटिव्ह वायर सगळ्यात शेवटी. आणि गाडी चालू असताना चार्जिंग बघायला बॅटरीची वायर काढून पाहायची जुनी सवय काही जणांना असते, ती बिलकुल नको. विजेचा दाब उसळतो आणि गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतात.

गाडी चालू केली. मीटरवर १४.२. लाल दिवा विझला.

काम एवढंच. एक दुपार. पण ते चालू असताना वस्तीतली एक म्हातारी आई ओट्यावरून तोच प्रश्न टाकून गेली. "मह्या नवऱ्याचं आयुष्य घाणीत गेलं. तुमचे हात पांढरे राहावे म्हणून शिकवलं ना रे?"

तिला हसू नका. तिला मागास म्हणू नका. तिच्या प्रश्नात बाबासाहेब आहेत.

१९२७ च्या मार्चात महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना काय सांगितलं? मेलेल्या जनावराचं मांस सोडा, शिळ्यापाक्या तुकड्यावर जगणं सोडा, अंगावर लादलेली हलकी कामं सोडा. गावानं आपल्याला काम दिलं नव्हतं. गावानं आपल्याला कामाच्या नावानं ओळखायचं ठरवलं होतं. ढोर मेलं की ते ओढणारा कोण, हे ढोर मरायच्या आधीच, त्या माणसाच्या जन्माच्याही आधी ठरलेलं. त्याला बदली नाही, राजीनामा नाही, मजुरीचा भाव नाही. नाही म्हटलं की मारहाण आणि बहिष्कार. त्या आईला तेलानं काळा झालेला हात दिसला, तेव्हा तिला हे सगळं दिसलं. भीती खोटी नाही. मळलेला हात हा आपल्याकडं कधीच नुसता मळलेला हात नव्हता. तो शिक्का होता.

आता दुसरं वाक्य. श्रमाला प्रतिष्ठा असते.

१९३६ साली गांधीजींनी 'हरिजन'मध्ये आदर्श भंगी कसा असावा याचं चित्र रेखाटलं. काम तेच, माणूस तोच, पण कामाला सेवेचं तेज. त्याच १९३६ साली बाबासाहेबांचं 'जातिसंस्थेचं निर्मूलन' छापून आलं. त्यात त्यांनी सांगितलं की जात ही श्रमाची विभागणी नाही, श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही एकावर एक रचलेली. मित्रहो, या दोन मांडण्यांमध्ये सगळा फरक आहे. एक म्हणतो, खड्डा तसाच राहू दे, खड्ड्यातल्या माणसाला हार घालू. दुसरा विचारतो, खड्ड्यात हाच माणूस का?

प्रतिष्ठा कामात नसते. प्रतिष्ठा माणसाला असते. काम माणसावर चिकटवून टाकलं की कितीही हार घाला, ती गुलामीच. गटाराचं उदाहरण घ्या. हातानं मैला उचलायला लावण्याविरुद्ध १९९३ ला कायदा झाला, २०१३ ला दुसरा झाला. गटारात मेलेल्यांच्या वारसांना १० लाख रुपये द्या, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ ला सांगितलं. २०२३ ला ती रक्कम ३० लाख केली. मरणाची भरपाई वाढली. पण माणूस उतरायचा थांबला नाही. तिथं श्रमाच्या प्रतिष्ठेचं भाषण करणारा माणूस मला खुनाचा साक्षीदार वाटतो. त्या कामाला प्रतिष्ठा नको. त्या कामाला यंत्र पाहिजे.

आणि यंत्राबद्दल बाबासाहेबांचं मत स्वच्छ होतं. काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांचं काय केलं, या १९४५ च्या ग्रंथात त्यांनी गांधीवादाच्या यंत्रविरोधाचा समाचार घेतला. यंत्र माणसाला उसंत देतं, आणि उसंत असल्याशिवाय माणूस जनावराच्या जिण्यातून वर येत नाही, संस्कृती उभी करू शकत नाही, असा त्यांचा मुद्दा. दोष यंत्राचा नाही. यंत्राचा फायदा कुणाकडं जातो, त्या रचनेचा.

मग प्रश्न असा उरतो. लादलेलं काम सोडायचं, हे तर पक्कं. पण सोडायचं म्हणजे हातच सोडायचे काय? पाना आणि झाडू दोन्ही मळतात म्हणून दोन्ही एकच काय?

इथं इतिहासाचं दुसरं पान उघडतो. पहिलं पान आपल्याला पाठ आहे, कोणतं काम लादलं त्याचं. दुसरं पान, कोणतं काम करू दिलं नाही त्याचं.

मुंबईच्या कापड गिरण्यांत अस्पृश्य कामगार होते. पण विणकाम खातं, जिथं पगार चांगला, तिथं त्यांना प्रवेश नव्हता. कारण काय? धागा तुटला की तोंडानं ओढावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडाचा धागा स्पृश्य कामगाराला चालत नसे. मालकानं नाही, सोबतच्या कामगारांनीच दार लावलेलं. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा सवाल पुढाऱ्यांच्या तोंडावर टाकला.

१९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. मनमाड आपल्याला लांब नाही, आपल्या जालन्याचीच रेल्वे तिथं जाते. तिथं बाबासाहेबांनी ब्राह्मण्यशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू म्हणून सांगितले, हे आपण भाषणात नेहमी सांगतो. पण त्याच भाषणात त्यांनी आणखी एक हिशेब मांडला. रेल्वेत आपला माणूस गँगमन होतो, हमाल म्हणूनही त्याला घेत नाहीत, कारण स्टेशनमास्तर हमालाकडून घरचं काम करून घेतो आणि आपला माणूस घरात चालत नाही. वर्कशॉपमध्येही मेकॅनिक झालेला आपला माणूस क्वचितच दिसतो. आणि १९४२ ला व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात गेल्यावर त्यांनी सरकारला जे गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं, त्यात नोकऱ्यांच्या आणि शिष्यवृत्त्यांच्या बरोबरीनं तांत्रिक शिक्षणाचीही मागणी होती.

म्हणजे काय? आपल्याकडून मेहनत करून घ्यायला कुणाचीच ना नव्हती. ना होती ती मेहनतीतलं ज्ञान देण्याला. ओझं आमचं, अवजार त्यांचं. लोखंड आम्ही वाहायचं, लोखंड का वितळतं ते आम्हाला सांगायचं नाही. आजही जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत जा. लोखंडी सळया तयार करणाऱ्या मिलमध्ये भट्टीपुढं कोण उभा आहे आणि पॅनलवरचा आकडा कोण वाचतो, हे नीट बघा. मग कळंल, जात कुठं राहते ती.

म्हणून मी कामाला तीन प्रश्न विचारतो. तुम्हीही विचारा.

पहिला : हे काम मला उद्या सोडता येतं काय? सोडलं तर गाव, कंत्राटदार, पोट, यांपैकी कुणी मला परत ओढत नाही ना?

दुसरा : या कामातलं 'का' माझ्यापासून कुणी लपवतंय काय? की मला फक्त 'असं कर' एवढंच सांगितलंय?

तिसरा : कामाच्या बदल्यात मला मोल मिळतं की उष्टं? मोल म्हणजे ज्याचा भाव करता येतो ते. उष्टं म्हणजे जे देणाऱ्याच्या मर्जीवर असतं ते, मग ते ताटातलं असो नाहीतर पाकिटातलं.

गटार या तिन्ही प्रश्नांत नापास. डायनामो तिन्हींत पास. दोन्हीत हात मळतात, पण साबणानं धुतला जातो तो फक्त डायनामोचा मळ.

आणि आता तो त्या म्हाताऱ्या आईचा 'पांढरा हात' तपासा. एखाद्या कार्यालयात आपला शिकलेला भाऊ खुर्चीवर बसतो. साहेब म्हणतो इथं सही कर, तो करतो. का करायची, विचारायची सोय नाही. नोकरी सोडायची सोय नाही, कर्ज आहे. बदली, बढती सगळी मर्जीवर. हात पांढरा आहे. पण तीनपैकी किती प्रश्नांत तो पास झाला? मी नोकरीला नावं ठेवत नाही. राखीव जागा आपल्या हक्काच्या आहेत, लढून मिळवल्या आहेत. मी एवढंच म्हणतो की मुक्ती हाताच्या रंगावरून मोजता येत नाही.

हीच फूटपट्टी सरकारी योजनेलाही लावा. २०२३ च्या १७ सप्टेंबरला, म्हणजे आपल्या मराठवाडा मुक्तिदिनालाच, पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. कुटुंबात चालत आलेले १८ पारंपरिक धंदे, त्यांना प्रशिक्षण, अवजारं, कर्ज. अवजार मिळतंय तर घ्या, मी नको म्हणणार नाही. पण विचारा की चांभाराच्या पोराला चांभारकीचंच चांगलं अवजार का? त्याला लेथ मशीन का नको? बापाचा धंदा सुधारून देणं वेगळं आणि बापाच्या धंद्यातून दार उघडून देणं वेगळं.

आता आक्षेप.

एक कार्यकर्ता म्हणाला, "हे घरी दुरुस्तीचं कौतुक पोट भरलेल्यांचं आहे. ज्याच्या बापावर मेहनत लादली त्याला मेहनतीचा छंद कशाला?" बरोबर आहे. छंद म्हणून मी सांगतच नाही. प्रत्येकानं गाडीखाली जावं असंही नाही. ज्याला कविता लिहायची त्यानं कविता लिहावी. माझं म्हणणं असं की वस्तीत काही हात असे पाहिजेत, ज्यांना कुणी अंधारात ठेवू शकत नाही.

दुसरा म्हणाला, "मग मिस्त्रीच्या पोटावर पाय का?" मिस्त्रीही बहुतेक आपल्यासारखाच, कधी मुसलमान, कधी आपलाच. त्याच्याकडं जरूर जा. पुरी मजुरी द्या, घासाघीस करू नका. पण जवळ उभं राहून विचारा, हे का केलं? चांगला मिस्त्री सांगतो. त्याला आनंद होतो. ज्ञान विचारणारा आणि ज्ञान सांगणारा, असं नातं तिथं तयार होतं. मालक आणि नोकर असं नाही.

तिसरी गोष्ट कुणी म्हणाली नाही, ती त्या कॉलेजच्या पोरीनं करून दाखवली. मीटर तिचा, दोष तिनं शोधला. पण पाने निघाले तेव्हा एका भावानं तिच्या हातात टॉर्च दिला. "तू उजेड धर." तिनं टॉर्च त्याच्याच हातात परत दिला. म्हणाली, "दादा, उजेड तुम्ही धरा. निगेटिव्ह आधी काढायची असते, मी काढते." आणि काढली.

मित्रहो, यावर बैठकीत बोला. आपल्या सभेच्या भाकऱ्या कोण भाजतं, सतरंज्या कोण झटकतं, माईक कुणाच्या हातात असतो? ते तीन प्रश्न आपल्या घरातल्या बायांनी आपल्याला विचारले तर आपण किती पास होऊ? गावानं आपल्याला जन्मावरून काम वाटलं, त्याविरुद्ध आपण उभे राहिलो. मग आपल्याच ओट्यावर आपण जन्मावरून काम वाटायचं काय?

त्या आईला माझं उत्तर असं आहे. आई, हात पांढरे राहावेत म्हणून तू शिकवलं नाहीस. हात कुणाच्या हुकमानं मळू नयेत म्हणून शिकवलंस. ही दोन्ही वाक्यं सारखी दिसतात, पण पहिल्यातून फक्त एक कारकून तयार होतो. दुसऱ्यातून माणूस तयार होतो.

पुढच्या अभ्यासवर्गात एवढंच करा. वस्तीतली सगळी कामं एका कागदावर लिहा. नळ, वीज, पंप, मोबाईल, गाडी, दवाखान्याचा कागद, सात-बारा, रेशन, ग्रामपंचायतीचा जमाखर्च. प्रत्येकापुढं लिहा की यातलं 'का' आपल्यातल्या कुणाला माहीत आहे. जिथं जागा रिकामी राहील, तिथं आपण आजही कुणाच्या तरी मर्जीवर जगतोय. त्या रिकाम्या जागेपासून शिकायला सुरुवात करा. आणि शिकायला बसाल तेव्हा टॉर्च धरायची पाळी प्रत्येकावर येऊ द्या.

जयभीम.